माणसाचा वास

मुलगी झाली आणि गोजर गेली, हे मला सोलापुरात मिलच्या दारावर एकाच तारेत कळलं. पहिल्या बाळंतपणाला ती केमला माहेरी गेली होती. दिवसकार्य उरकून मी कामावर परत आलो. मुलगी सासूबाईंकडेच राहिली. तेव्हा तिच्याकडं नीट बघायचंही धाडस झालं नव्हतं.

दोन महिन्यांनी तिला बघायला गेलो. ओसरीत आढ्यावरून चिमणीचं पिल्लू खाली पडलं होतं. मी ते उचलून घरट्यात ठेवलं.

सासूबाई आतून ओरडल्या, "अवो जावई, हात कशाला लावला? मानसाचा वास लागला की आई पिलाला जवळ करत न्हाय. मिलमदी एवडं बी शिकवत न्हाईत व्हय?"

मी घरट्याखाली उभा राहून वाट बघितली. चिमणी दारापर्यंत यायची आणि परत उडून जायची. दुपार उलटली तरी ती घरट्यात शिरली नाही.

तेवढ्यात पाळण्यातली मुलगी वर बघून हसली. तिथं कोणी नव्हतं.

"रोज या वक्ताला हसती," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "गोजर येती की तिला खेळवायला. घ्या उचलून, तुमचीच हाय."

मी हात पुढं केले आणि मागं घेतले.

***

मुलगी आता सात महिन्यांची आहे. मी तिला अजून उचललेलं नाही.