पान बेचाळीस

मराठी मंडळाच्या स्मरणिकेची फाइल सगळ्या फोटोंसकट पॅकेज करून चारच्या आत मानेसरच्या प्रेसला पाठवायची होती. लुंबिनी बटण दाबी आणि स्क्रीन म्हणे, पान बेचाळीसचा फोटो सापडत नाही.

ते पान श्रद्धांजलीचं, फोटो यंदा वारलेल्या वाल्मीककाकांचा. स्मरणिकेचे सगळे फोटो शेअर्ड ड्राइव्हवर त्यांच्या पत्नी, मीराकाकू, लावून ठेवत. तिनं त्यांनाच फोन केला.

"काकू, 'श्रद्धांजली' फोल्डर रिकामा दिसतोय. काकांचा फोटो चुकून डिलीट तर नाही झाला?"

"नाही गं, मीच हलवला. 'आग्रा सहल'मध्ये बघ."

"यार काकू, असा हलवला की लिंक तुटते!"

"अच्छा? मला कुठलं ठाऊक. त्या फोल्डरमध्ये ते एकटेच होते गं. सहलीत सगळे आहेत, अंताक्षरीत भांडणारे." पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "परत ठेवू का तिकडे?"

"नको. राहू दे."

लुंबिनीनं सहलीच्या फोल्डरमधून फोटो पुन्हा जोडला आणि बटण दाबलं. पॅकेज होताना साऱ्या पानांवरचे फोटो एकाच फोल्डरमध्ये येऊन बसतात. तिनं तो उघडून पाहिला. अध्यक्ष होते, लेझीम खेळणाऱ्या मुली होत्या, पुरणपोळ्या लाटणाऱ्या मीराकाकू होत्या, वाल्मीककाका होते. श्रद्धांजलीचा वेगळा कप्पा त्यात नव्हता.

तिनं तो फोल्डर प्रेसला पाठवला. एक प्रत काकूंना.