गर्दी नसलेलं नाव

बाळाचं नाव ठेवायला पाचव्या दिवशी जावा बेटावरच्या सुराकार्तातली अख्खी गल्ली लास्त्रीकडे जमली. लाल-पांढऱ्या खिरीचे वाडगे फिरले. “आइशा नको,” नणंदेनं बजावलं. “बालवाडीत हाक मारली की निम्म्या पोरी उठतात. कुणाचंच नसेल असं ठेव.” लास्त्रीनं लेकीला आईच्या ओढणीत गुंडाळलं. याच ओढणीनं काढ्याच्या बाटल्या पाठीला बांधून आई जन्मभर दारोदार काढा विकत फिरली. हळदीचे डाग अजून होते. “तुकिनेम ठेवणार. आईचं नाव.” “मोलकरणींचं नाव ते! आता कोण ठेवतं?” “कुणीच नाही ना? मग तुम्हाला हवं तसंच झालं, वन्सं.” आणि तिनं खणखणीत हाक दिली, “तुकिनेम!” परसात भांडी घासणाऱ्या म्हाताऱ्या एकदम ओरडल्या, “ओ!” “घे! झाली गर्दी,” नणंद खिदळली. लास्त्रीनं ओढणीची गाठ घट्ट केली. “होऊ द्या. हिला हाक मारली की एवढ्या जणी धावून येतील.”