अंथरुणाला खिळलेल्या रत्नप्रभाबाई

हसू दाबता दाबता रत्नप्रभाबाईंना ठसका लागला, तसे हेमंतराव खूश झाले. खोकला छान जमतोय, म्हणाले, तोही राहू द्या.

गेला तासभर ते आपल्या वहिनीला आजारी पाडत होते. गळ्यापर्यंत गोधडी. उशाशी औषधांच्या सात बाटल्या, त्यातली एक शेजारच्या कुत्र्याची. पायाशी भाड्यानं आणलेला वॉकर. ज्या बुटांनी रत्नप्रभाबाई रोज सकाळी शाहपुरा तलावाकाठी फिरत, ते बूट माळ्यावर गेले होते.

हेमंतराव सरकारी कचेरीत तीस वर्षं फाइली हलवून निवृत्त झालेले. कागदावर आहे तेच खरं, यावर त्यांची श्रद्धा. आणि कागदावर होतं असं, की पासष्ट वर्षांची विधवा आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली आहे आणि तिला पाणी द्यायलाही एकुलत्या एका मुलाशिवाय कोणी नाही. तो मुलगा, शैलेंद्र, बायकोला मारहाण केल्याबद्दल महिनाभर तुरुंगात होता. भोपाळच्या कोर्टानं जामीन नाकारला. त्या हुकमाविरुद्ध जबलपूरला, वरच्या कोर्टात दाद मागितली, तर तिथून विचारणा आली, की आई खरंच अंथरुणात आहे का, हे ठाण्यातून कुणीतरी जाऊन बघून या. त्या बघणाऱ्या बाई आत्ता येणार होत्या.

सून सोनल स्वयंपाकघरात होती. कागदावर ती घरात नव्हतीच, तेव्हा तिनं बाहेर यायचं नाही असं हेमंतरावांनी बजावलं होतं. तिच्या डाव्या हाताला प्लास्टर होतं आणि ओट्याखाली भरलेली बॅग. शैलेंद्र सुटतोय असं कळलं की ती नागपूरला माहेरी जाणार होती, कायमची. सासूकडे तिनं काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. रत्नप्रभाबाईंना तेच फार लागलं होतं.

मुलावरची माया काही आटली नव्हती. गेल्या आठवड्यात भेटीला गेल्या तेव्हा जाळीपलीकडे तो लहान असताना रडायचा तसा रडला होता. आई, तुला काही करायचं नाहीये, नुसतं पडून राहायचंय, म्हणाला होता. त्या हो म्हणून आल्या होत्या. पण या पलंगावर त्या महिनाभर आडव्याही झाल्या नव्हत्या, बाहेर दिवाणावर झोपत. का, ते कुणी विचारलं नव्हतं. आज हेमंतरावांनी हाताला धरून झोपवलं आणि तेव्हापासून त्यांना हसू आवरेना. भीती वाटली की त्यांना हसूच यायचं. लग्नात अंतरपाटामागेही आलं होतं.

हवालदार कुसुमबाई तीन जिने चढून धापा टाकत आल्या. अम्माजी कधीपासून आजारी, काय खातात, कूस बदलता येते का, असं विचारत लिहू लागल्या. रत्नप्रभाबाईंनी गोधडीत तोंड खुपसलं. गोधडी गदगदू लागली. कंप आहे, हेमंतराव लगबगीनं म्हणाले. कुसुमबाईंनी हळहळत कंप लिहून घेतला.

सगळं अगदी झकास चाललं होतं. मग कुसुमबाईंची नजर भिंतीवर गेली.

घरभर लपवालपवी करणारे हेमंतराव तो फोटो विसरले होते. गेल्या श्रावणात मंडळाच्या मंगळागौरीला सासू-सुनेनं पहिला नंबर काढला होता, तो फोटो. दोघी हात धरून मागे झुकलेल्या, पदर खोचलेले, सोनलची वेणी हवेत. या अम्माजीच ना, कुसुमबाईंनी विचारलं. हेमंतराव म्हणाले, फार जुना आहे. आणि हा नाच कुठला? हेमंतराव तोंडाला येईल ते बोलून गेले. गरबा.

गोधडी बाजूला झाली.

"गरबा नहीं है," रत्नप्रभाबाई उठून बसत म्हणाल्या. "फुगडी है."

वात झालाय, असं काहीतरी हेमंतराव पुटपुटले, पण तोवर पाय जमिनीला लागले होते आणि पदर खोचला गेला होता. फुगडी काही सांगून कळत नाही, आणि झोपून तर मुळीच सांगता येत नाही. त्यांनी हवालदारबाईंचे दोन्ही हात तिढा घालून धरले, पाय जुळवायला लावले, मागे झुका म्हणाल्या आणि घेतली गिरकी. टोपी उडाली. पेन पलंगाखाली गेलं. बाटल्या किणकिणल्या, कुत्र्याची तेवढी फुटली. कुसुमबाई आधी अम्मा, अम्मा करत होत्या, मग शाळकरी पोरीसारख्या खिदळायला लागल्या. रत्नप्रभाबाईंना तर आभाळ ठेंगणं झालं होतं. फिरता फिरता त्यांना दर फेरीला दारात सोनल दिसत होती, चांगला हात तोंडावर धरून हसणारी. आणि दर फेरीला वॉकरचा आधार घेऊन उभे असलेले हेमंतराव.

थांबल्या तेव्हा कुसुमबाई पलंगावर बसून खोली जागेवर यायची वाट बघत राहिल्या. मग वाकून पेन शोधलं. कागद मांडीवर घेतला. लिहू काय, त्यांनी विचारलं, कारण अर्जात तर आहे की अम्माजी या पलंगावरून उठत नाहीत.

रत्नप्रभाबाईंच्या चेहऱ्यावर हसू अजून होतं. आवाजातलं मात्र गेलं होतं.

"उस दिन नहीं उठी," त्या म्हणाल्या. "इसी पलंग पर पड़ी थी. उधर मेरा लड़का बहू का हाथ तोड़ रहा था, मैं सुनती रही, और पड़ी रही. लिखो बाई, आज उठी."