क्युबाबाईची खोली

"मंग थ्या अमेरिकेनं काय केलं?" नत्थूजीनं हातातला धोटा थांबवून विचारलं.

उंबऱ्यावर बसलेल्या पुष्पलतेनं पान उलटलं. नत्थूजीची ही एकुलती एक पोरगी, मॅट्रिकची. इतिहास वाचायची तो अशा आवाजात, की तिच्याबरोबर अख्खी गल्ली पास व्हावी. "अमेरिका म्हने, स्पेन क्युबावर लई जुलूम करून राहिला. आमी क्युबाले सोडवतो."

"क्युबा कोन? बाई आहे का?"

"देश आहे, बाबा. समुद्रातलं बेट."

"बाईच धर." देश, बेट असलं काही नत्थूजीच्या डोळ्यांपुढे उभं राहत नसे. त्याला माणसं लागायची.

तो विणायला बसला होता ती खोली मात्र त्याची नव्हती. ती शेजारच्या भागीरथाबाईची. नवरा गेल्यावर बाई एकटीच राहायची आणि करवतकाठी लुगडं असं विणायची, की पाचपावली मोहल्ल्यातल्या चार जाणत्या विणकरांनी मान डोलवावी. पण पोळ्याच्या सुमारास तिचा दीर कवडू विडीच्या पानांची पोती घेऊन आला, तिचा माग सोडून भिंतीला टेकवला आणि खोलीभर पसरला. नत्थूजीला ते बघवलं नाही. त्यानं पंच जमवले, आवाज चढवला, पोती रस्त्यावर काढली. पुरते चार दिवसही लागले नाहीत. कवडू पोत्यांसकट आपल्या गावी, कुहीला गेला. सगळ्या मोहल्ल्यानं नत्थूजीची पाठ थोपटली.

पाचव्या दिवशी, कवडू परत येऊ नये म्हणून, नत्थूजीनं आपला दुसरा माग आणून भागीरथाबाईच्या खोलीत बसवला. मागावर बसताना पाय सोडायला खड्डा लागतो, तो तिचा आयता होताच. म्हटलं, तेवढीच राखण. त्या राखणीला आता आठ महिने होत आले होते. भागीरथाबाई आपल्याच खोलीच्या कोपऱ्यात बसून रहाटावर नत्थूजीच्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत होती.

आणि सोमवारी विणकर सोसायटीची माणसं येणार होती. ज्याचा माग उभा दिसेल त्यालाच सूत, नाहीतर पुढच्या वर्षी या. भागीरथाबाईनं हे नत्थूजीला दोनदा सांगून पाहिलं होतं. "पाहू ना," तो दोन्ही वेळा म्हणाला आणि दोन्ही वेळा मनापासून म्हणाला. माणूस मनाचा चांगला होता, आणि सगळी पंचाईत तिथंच होती.

"बरं, मंग? लढाई झाली का?"

"झाली ना. चार महिनेबी नाई लागले. स्पेननं हार मानली."

"शाब्बास." नत्थूजीला असा आनंद झाला, की जणू स्पेनची पोतीही त्यानंच रस्त्यावर काढली. "असं पाह्यजे. गरीब बाईच्या मदतीले धावून गेला बापा."

"पन मंग घरी नाई गेला ना थो."

"काहून?"

"फौज तिथंच राह्यली. स्पेनच्या ताब्यातलं पोर्टो रिको घेतलं, ग्वाम घेतलं, थे लांबचं फिलिपाइन्सबी घेतलं. गेला होता सोडवाले, अन् साम्राज्यवाला होऊन बसला."

"अन् क्युबाबाई?"

"तिले सांगतलं, तू आझाद झाली. पन आमाले विचारल्याबिगर काही करू नोको. अन् आमच्या जहाजांसाठी तेवढी जागा राहू दे."

नत्थूजीनं धोटा खाली ठेवला. "अवं, पन लढाई तं सरली होती ना?"

"थे म्हनत, हे लोक आपला कारभार आपन कराले अजून लायक नाईत. उद्या दुसरं कोनी येऊन बसलं तं? म्हनून आमी राखन करून राह्यलो."

हे मात्र नत्थूजीला झोंबलं. बेचाळीस साली त्यानं लाठ्या खाल्ल्या होत्या. स्वराज्य येऊन सात वर्षं झाली तरी उजवा खांदा थंडीत ठणकायचा. "इंग्रजबी हेच म्हने. लायक नाईत म्हने." तो चांगलाच तापला. "अरे, मदतीले गेला होता ना तू? झाली ना मदत? मंग उठ, अन् आपल्या घरी जाय. दुसऱ्याच्या घरात बूड टेकवून कोनी राखन करते का?"

कोपऱ्यातला रहाट थांबला.

"बराबर बोलले भाऊ तुमी," भागीरथाबाई मान वर न करता म्हणाली. "क्युबाबाईचंबी हेच म्हननं असन."

नत्थूजीनं धोटा परत उचलायला हात घातला. त्यानं खाली पाहिलं. त्याचे दोन्ही पाय भागीरथाबाईच्या खड्ड्यात होते. भिंतीला टेकलेल्या तिच्या मागावर बोटभर धूळ होती, आणि ती त्याला आज पहिल्यांदा दिसली. त्याला लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत.

तो हळूच वर आला. ताण्याच्या गाठी सोडू लागला. "पुष्पे, त्या बाजूनं धर," एवढंच म्हणाला. दुपार कलेपर्यंत त्याचा माग बाहेर गेला आणि भागीरथाबाईचा उभा राहिला. खुंट्या त्यानं स्वतः ठोकल्या, दोनदा तपासल्या. भागीरथाबाई मागावर बसली, खड्ड्यात पाय सोडले आणि डोळ्यांना पदर लावला. सोमवारला अजून तीन दिवस होते.

घरी जाताना नत्थूजीच्या दुखऱ्या खांद्यावर मागाचा दांडा होता आणि चेहऱ्यावर बापाचा रुबाब हळूहळू परत येत होता.

"पुष्पे, हा धडा चांगला पाठ करून ठेव," तो म्हणाला. "पेपरात नक्की येईन."

भागीरथाबाईच्या खोलीकडे वळून पाहत पुष्पलता हसली. "पेपर संपून दहा दिवस झाले, बाबा."