चौथ्या तासाची परवानगी

"त्या दुसऱ्या बाकावरच्या पोरीला डॉक्टरकडे न्यायला सांग तिच्या आईला," मुख्याध्यापिकेचे वडील तिच्या टेबलावर पिशवी ठेवत म्हणाले. "माझा तास आला की हिला बाथरूमला जायचं असतं. गेली की तास संपेपर्यंत पत्ता नाही. एवढ्याशा वयात हे बरं नाही गं."

निवृत्त झाल्यापासून या सरकारी शाळेत रोजचा चौथा, धर्माचा तास तेच घेत. पगार नव्हता आणि त्यांनी मागितलाही नव्हता. मुलं त्यांना आजोबासर म्हणत. बायको गेल्यावर ते कसेही राहायला लागले होते, पण शाळेच्या दिवशी सकाळीच दाढी व्हायची आणि सदऱ्याला स्वतःच्या हातानं इस्त्री. आजही झाली होती. ते बघूनच मुख्याध्यापिकेला सकाळी चहा गेला नव्हता.

काल शाळेच्या समितीपुढे हा विषय तिनेच काढला होता. सरकारी शाळेत, भर शाळेच्या वेळात, एकाच धर्माचे धडे नकोत. बरीच वादावादी झाली. शेवटी समितीला पटलं, आणि पटल्याबरोबर सगळे जण चपला शोधायला लागले. "तुमचेच वडील आहेत, तुम्हीच सांगा बाई." मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की लोकांना घरची कामं आठवतात.

"बाबा, ती पोरगी आजारी नाहीये."

"तुला काय कळतंय त्यातलं? मी औषधाच्या दुकानातसुद्धा विचारून आलो."

"बाबा, बसा ना जरा. आजपासून तुमचा तास बंद केलाय. मीच केलाय. त्या वेळात वर्गाच्या बाई गणित घेतील."

ते बसले नाहीत. आधी त्यांना चेष्टा वाटली. मग तिचा चेहरा बघून त्यांचा आवाज चढला. "पोरांना चार चांगल्या गोष्टी सांगतो, त्यात कुणाच्या पोटात दुखलं? आणि तू? तुला प्रार्थना कुणी शिकवली?"

"तुम्हीच. अजून रोज म्हणते. पण ती घरी शिकवलीत, बाबा. इथेही शाळा सुटल्यावर शिकवा. ज्याला यायचंय तो येईल."

"शाळा सुटल्यावर कोण येतंय! पोरं दप्तर टाकून खेळायला पळतात."

बोलून गेल्यावर ते टेबलावरची पिशवी उगाच सरळ करू लागले. बापाला त्याच्याच शब्दांत पकडायची तिला हौस नव्हती.

"त्या पोरीच्या घरचा धर्म वेगळा आहे," ती हळूच म्हणाली. "पहिल्याच दिवशी तुम्ही वर्गात म्हणालात, ज्यांना हे नको असेल त्यांनी खुशाल बाहेर बसावं."

"म्हणालो. कुणावर सक्ती नको म्हणून म्हणालो. त्यात काय चुकलं?"

"काही नाही. पण ती एकटीच उठली. सगळा वर्ग तिच्याकडे बघत बसला. तेव्हापासून ती घंटेच्या आधीच दारात येऊन तुमच्याकडे परवानगी मागते. बाथरूमला म्हणून गेलं की कुणी बघत नाही."

"मग पूर्ण तास कुठे असते?"

"बाथरूममध्येच. परवा मी आत गेले तर बादली पालथी घालून बसली होती. मला बघून दचकली. म्हणाली, आईला सांगू नका, ती भांडायला येईल. वर म्हणाली, आजोबासर गोष्ट मस्त सांगतात, खिडकीतून ऐकू येते. फक्त शेवटी प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात तेव्हा नुसतं बसून राहावं लागतं."

आजोबासरांनी खुर्चीची पाठ धरली. वर्षभर ते त्या पोरीला न बघताच मान हलवून "जा" म्हणत आले होते. मुख्याध्यापिकेला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर तिला बरंच वाटलं असतं.

"बादलीवर?" ते म्हणाले. "अगं, ओल असते तिथे."

ते दाराबाहेर पडले. तीही मागोमाग निघाली. व्हरांड्यात फिनेलचा वास होता आणि कुठल्यातरी वर्गात पाढे चालले होते. घंटेला थोडासाच अवकाश होता. तेवढ्यात वर्गाच्या दारातून ती पोरगी बाहेर आली. वेणी सुटलेली, एका पायातला मोजा खाली आलेला. आजोबासरांना समोर बघून तिने सवयीने करंगळी वर केली.

"सर, जाऊन येऊ?"

त्यांच्या तोंडून "जा" निघता निघता राहिलं. ते गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, तिच्या उंचीला वाकले. मुख्याध्यापिकेने पदर तोंडाशी धरला. इतकी वर्षं ती या माणसाशी भांडत आली होती, आणि आज त्याच्यासाठी तिचा जीव तुटत होता.

"खरंच लागली असेल तर जा, बाळा," ते म्हणाले. "नाहीतर आत बस. आजपासून माझा तास नाही. आता तुमच्या बाई गणित घेणार."

"उद्यापण?"

"उद्यापण."

पोरीने करंगळी खाली घेतली. त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या, लांबलचक व्हरांड्याकडे पाहिलं.

"मग तुम्ही कुठे बसणार?"