महिनाभर फुकट

“पोरी, आजच कशाला काढतेस ते?” बाबा पलंगावरून म्हणाले.

“आज दुकानाला सुट्टी आहे म्हणून. सारखं मध्ये मध्ये येतं, पदर धरून ओढणाऱ्या पोरासारखं.”

नव्या कॉम्प्युटरसोबत कंपनीने न मागता काय काय भरून पाठवलं होतं. व्हायरसपासून राखण करणारं एक, फोटो लावून ठेवणारं एक, पत्त्यांचा डाव, बोललेलं लिहून पाठवणारं आणखी एक. सगळं महिनाभर फुकट, मग पैसे टाका. विकणारा हसत म्हणाला होता, “घर घेतलंत, भाडेकरू आतच आहेत.”

थोरलीने तो कपड्यांचे नमुने काढायला घेतला होता. जागा होती ती बाबांच्याच खोलीत. दिवसभर ती शिवणाच्या दुकानात, घरी बाबा एकटे.

तिने चहाची बशी त्यांच्या ओठांना लावली. हातांना असा कंप सुटला होता की पेन, चमचा, सदऱ्याचं बटण, काहीच त्यांचं ऐकत नसे.

“धाकट्याचं काही आलं?” त्यांनी विचारलं.

“परवा आलं तेच. वाचू पुन्हा?”

“वाच.”

“‘ताई, वेळेवर जेवतेस ना? मी बरा आहे. रागाचं आता मनात काही नाही.’”

धाकटा घरातून गेला त्या संध्याकाळी तीच म्हणाली होती, पुन्हा तोंड दाखवू नकोस. त्याने शब्द पाळला. फोन बंद, मित्रांनाही ठावठिकाणा नाही. तेव्हापासून सुई बोटात शिरली तरी तिला कळत नसे. आणि या महिन्यात अचानक एका नव्याच पत्त्यावरून त्याच्या मेल यायला लागल्या. कुठे आहे ते सांगत नव्हता, पण बोलत होता. उसवलेल्या जागी कुणी हलक्या हाताने टाके घालावेत, तसं तिला वाटे.

“ये म्हणून लिहिलंय मी. पाया पडते म्हटलं,” ती म्हणाली. “खोलीही झाडून ठेवलीय त्याची.”

बाबांनी तोंड खिडकीकडे वळवलं. “येण्याचं राहू दे. बोलतोय, हे काय कमी आहे?”

“तुमचं बरंय. तुमच्याशी भांडून नाही गेला तो.”

ती कॉम्प्युटरपुढे बसली. पत्ते गेले. राखणदार गेला. फोटोवालं गेलं.

“आता हे बोलकं, बोललेलं लिहिणारं.”

“राहू दे ना ते. मुदत संपली की आपोआप गप्प बसेल.”

“तोवर माझं डोकं खाईल.”

“उद्या काढ, पोरी. एवढं ऐक.”

“बाबा, तुम्ही कधीपासून भाडेकरूंची बाजू घ्यायला लागलात?”

ती हसली. फार दिवसांनी हसली. बाबांनी ते हसू डोळे भरून पाहिलं.

तिने बटण दाबलं. पडद्यावर एक चौकट उघडली. शेवटचा मजकूर पाठवायचा राहिला आहे, ठेवायचा की पुसायचा? खाली तो मजकूर होता, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम, यंत्राच्या कानावर पडला तसाच्या तसा:

‘ताई माझ्या येण्याची वाट बघू नकोस तू बोललीस ते मी कधीच विसरलो आता तूही विसर सुखाने झोपत जा थांब रे यंत्रा आता लिहू नकोस कुलूप वाजलं पोर आली माझी’