नंबर लागेपर्यंत

दयानंदनं लातूरहून आलेल्या थोरल्या बहिणीला, उज्ज्वलाताईला, नांदेडचं समता संग्रहालय मोठ्या हौसेनं फिरवून दाखवलं. 'वडिलांच्या जमिनीत लेकीचाही समान वाटा' या फलकापुढं तर त्यानं हातच जोडले. "आपल्या बायांनी लई सोसलं गं, ताई," म्हणत त्यानं तिच्यासोबत सेल्फी काढली अन् तिथल्या तिथं स्टेटसला टाकली. ताई फलक पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली, तेवढ्यात दयानंदला वकिलाचा फोन आला.



"चल ताई, रजिस्ट्रीत आपला नंबर लागला. वडिलांच्या शेताच्या हक्कसोडपत्रावर तुझी सही झाली की साडी घ्यायला जाऊ. अन् साडी तुझ्याच पसंतीची बरं का, तेवढा तुझा हक्कच हाय!"